मॉनिटरकडे धावणारा पंच

27 जून 2010 ची रात्र. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर अर्जेंटिना आणि मेक्सिको यांच्यात विश्वचषकाचा बाद फेरीतला सामना चालू होता. पंच होते इटलीचे रोबेर्तो रोसेत्ती. मेस्सीने उचलून दिलेला चेंडू कार्लोस तेवेझने डोक्याने जाळ्यात घातला. तेवेझ ऑफसाइड होता, तेही चांगला ढळढळीत. पण सहायक पंचाचा झेंडा वर गेला नाही आणि रोसेत्तींनी गोल दिला. एवढ्यावर थांबलं असतं तर ती पंचांची नेहमीसारखी एक चूक ठरली असती. पण मैदानातल्या मोठ्या पडद्यावर त्या गोलाचा रीप्ले लागला. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे हात करत सहायक पंचाभोवती गोळा झाले. रोसेत्ती तिथे गेले, सहकाऱ्याशी बोलले. चूक झाल्याचं एव्हाना हजारो लोकांना दिसलं होतं. तरीही पडद्यावरच्या चित्रावरून निर्णय बदलायची पंचाला मुभा नव्हती. गोल कायम राहिला आणि अर्जेंटिनाने सामना 3-1 असा जिंकला.

त्याच दिवशी दुपारी ब्लोमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या पुरता आत पडला आणि उसळून बाहेर आला. पंचांनी खेळ चालू ठेवला. तो गोल मिळाला असता तर 2-2 अशी बरोबरी झाली असती. इंग्लंड 4-1 असं हरलं. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये स्ताद द फ्रान्सवर थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू काबूत आणून पास दिला, विल्यम गालासने गोल केला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाली. तिन्ही वेळा घरात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला मैदानावरच्या पंचापेक्षा जास्त माहीत होतं. ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती.

रोसेत्तींनी त्या विश्वचषकानंतर शिट्टी खाली ठेवली. आठ वर्षांनी रशियातल्या विश्वचषकात व्हिडिओ सहायक पंच, म्हणजे व्हीएआर, ही व्यवस्था पहिल्यांदा आली, तेव्हा फिफाने त्या प्रकल्पाची जबाबदारी सोपवली ती याच रोसेत्तींवर.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या वाचकांना प्रश्न पडेल की फुटबॉलने इतका उशीर का लावला. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकरला टीव्हीवरचं चित्र पाहून धावबाद दिलं गेलं. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिला फलंदाज. फुटबॉलला तिथवर यायला आणखी चोवीस वर्षं लागली. एक कारण खेळाच्या घडणीतच आहे. क्रिकेट दर चेंडूनंतर आपोआप थांबतं, पंचांना विचार करायला जागा मिळते. फुटबॉलमध्ये पेनल्टी नाकारली गेल्यावर दहा सेकंदांत चेंडू दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो, कदाचित तिकडे गोलही झालेला असतो. मग मागे जायचं तर किती मागे जायचं, आणि मधल्या काळात घडलेल्याचं काय करायचं? दुसरं कारण तत्त्वाचं होतं. गावातल्या मैदानावर आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नियम एकच असावेत, ही फुटबॉलची जुनी श्रद्धा. नियम बनवणारं मंडळ, आयएफएबी, 1886 साली स्थापन झालेलं. त्यात आठ मतं आहेत: चार फिफाची आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांची प्रत्येकी एक. कुठलाही बदल करायला सहा मतं लागतात. अशा घरात नवी खिडकी पाडायला वेळ लागतोच.

2010 च्या त्या एका दिवसाने मात्र बरंच काही हलवलं. 2012 मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. चेंडू रेषेपलीकडे गेला की पंचाच्या मनगटावरचं घड्याळ सांगतं, वाद संपतो. पुढचं पाऊल नेदरलँड्सच्या फुटबॉल महासंघाने उचललं होतं. निकालावर परिणाम न करता, बाजूला बसून व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांचे प्रयोग त्यांनी आधीच सुरू केले होते. मार्च 2016 मध्ये प्रत्यक्ष सामन्यांत चाचणी घ्यायला परवानगी मिळाली, डिसेंबरमध्ये ओसाकाला क्लब विश्वचषकात हंगेरीचे पंच व्हिक्टर कासाई यांनी मैदानाकडेच्या मॉनिटरवर पाहून काशिमा अँटलर्सला पेनल्टी दिली आणि 3 मार्च 2018 रोजी झ्युरिकच्या बैठकीत व्हीएआर नियमपुस्तकात कायमचा दाखल झाला.

व्यवस्था काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मे वाद ते न समजल्यामुळे होतात. व्हिडिओ पंच सगळा सामना पाहतो, पण सुरुवातीच्या नियमांनुसार तो फक्त चार बाबतींत तोंड उघडू शकत होता: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकून भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवलं गेलं तर. थ्रो-इन कुणाचा, मैदानाच्या मध्यावरचा फाउल, साधं पिवळं कार्ड, यांत त्याला बोलायचा अधिकारच दिलेला नव्हता. चार बाबतींतही एक अट: मैदानावरच्या पंचाची चूक स्पष्ट आणि उघड असली पाहिजे, किंवा एखादी गंभीर घटना त्याच्या नजरेतून पूर्ण सुटलेली असली पाहिजे. पंचाने आधी आपला निर्णय द्यायचाच. मला काही दिसलं नाही, तुम्हीच बघा, असं म्हणायची सोय नाही. आणि शेवटचा शब्द मैदानावरच्या पंचाचाच.

2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ पंचांची खोली मॉस्कोत होती. सामना कझानला असो की सोचीला, चित्रं फायबर केबलने मॉस्कोत यायची. तिथे एक मुख्य व्हिडिओ पंच, तीन सहायक आणि चित्रं मागेपुढे करून देणारे तंत्रज्ञ. त्यांच्यासमोर 33 कॅमेऱ्यांची दृश्यं, शिवाय ऑफसाइडसाठी दोन खास कॅमेरे. प्रत्येक गोल, प्रत्येक संशयास्पद पेनल्टी इथे निमूटपणे तपासली जात होती. प्रेक्षकांना बहुतेक वेळा त्याचा पत्ताही लागत नव्हता.

याचा परिणाम काय झाला? व्हीएआरच्या सुरुवातीच्या काळात तेरा देशांतल्या 2,195 सामन्यांचा अभ्यास बेल्जियमचे संशोधक योखिम स्पिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 9,732 तपासण्या त्यांनी पाहिल्या. या महत्त्वाच्या प्रसंगांत पंचांचे मूळ निर्णय 92.1 टक्के बरोबर होते; व्हीएआरनंतर ते प्रमाण 98.3 टक्क्यांवर गेलं. या आकड्यांतला पहिला आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. धावत्या पायांनी, बावीस खेळाडूंच्या गर्दीत, एकदाच पाहून दिलेले शंभरातले ब्याण्णव निर्णय योग्य होते. ज्यांना आपण दर आठवड्याला शिव्या घालतो, ती माणसं आपल्या कामात विलक्षण तरबेज आहेत.

पण व्हिडिओचा परिणाम केवळ चुका दुरुस्त होण्यापुरता राहिला नाही. त्याने खेळाडूंचं वागणं बदललं, पंचांच्या सवयी बदलल्या आणि शेवटी नियमसुद्धा बदलायला लावले. हा भाग टक्केवारीत येत नाही आणि मला तोच सर्वांत रंजक वाटतो.

रशियात 29 पेनल्टी दिल्या गेल्या. तोवरचा एका विश्वचषकातला विक्रम 18 चा होता. कॉर्नरच्या वेळी पंचाच्या पाठीमागे जर्सी ओढणं, मिठी मारून अडवणं, हे सारं पूर्वी खपून जायचं. आता कुणीतरी मॉस्कोत बसून ते पाहत होतं. दुसऱ्या बाजूला, संपूर्ण स्पर्धेत मारामारी किंवा हिंसक वर्तनासाठी एकही लाल कार्ड निघालं नाही. चेंडू दूर असताना कोपर मारून साळसूदपणे पळत सुटणाऱ्यांना आता लपायला जागा उरली नव्हती. व्हीएआरचं हे श्रेय त्याच्या कट्टर विरोधकांनीही मान्य करायला हवं.

आता ऑफसाइडकडे वळू, कारण व्हिडिओने सर्वांत मोठी उलथापालथ तिथे केली. सहायक पंचाचं काम मुळातच डोळ्यांच्या ताकदीबाहेरचं आहे. चेंडू कधी मारला गेला हे एका ठिकाणी पाहायचं आणि त्याच क्षणी तीस-चाळीस मीटर अंतरावर कोण कुठे होता हे दुसऱ्या ठिकाणी. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की सहायक पंच शेवटच्या बचावपटूच्या रेषेपासून जरा पुढेमागे उभा असला, की केवळ पाहण्याच्या कोनामुळे ठरावीक प्रकारच्या चुका होतात. त्यात लक्षाचा किंवा हेतूचा दोष नसतो. शिवाय धावणारी वस्तू मेंदूला ती प्रत्यक्षात आहे त्याहून किंचित पुढे भासते, त्यामुळे पळत सुटलेला आक्रमक विनाकारण ऑफसाइड ठरतो.

व्हिडिओने हा दोष काढला, पण स्वतःचा एक आणला. साध्या प्रक्षेपणात सेकंदाला पन्नास चित्रं असतात. म्हणजे दोन चित्रांमधलं अंतर सेकंदाचा पन्नासावा भाग. सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणारा आक्रमक तेवढ्यात 16 सेंटिमीटर पुढे सरकतो. त्याच वेळी बचावपटू उलट दिशेने 4 मीटर वेगाने वर येत असेल, तर दोघांतलं अंतर एका चित्रात 24 सेंटिमीटरने बदलतं. चेंडूला पाय नेमका कोणत्या चित्रात लागला हे माणसानेच ठरवायचं, आणि पडद्यावर आखलेली रेषा मात्र बोटाच्या जाडीचा फरक दाखवणार. नोव्हेंबर 2019 मध्ये लिव्हरपूलच्या रोबेर्तो फर्मिनोचा ॲस्टन व्हिलाविरुद्धचा गोल असाच काखेच्या मापाने रद्द झाला. ज्या अचूकतेचा दावा यंत्रालाच करता येत नव्हता, तिच्या जोरावर गोल नाकारले जात होते. इंग्लंडच्या प्रेक्षकांचा त्या काळातला राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

2022 च्या कतार विश्वचषकात यावर बरंच चांगलं उत्तर आलं. छताखाली बसवलेले बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या पोटात बसवलेला संवेदक सेकंदाला पाचशे वेळा माहिती पाठवत होता. चेंडू नेमका कधी लाथाडला गेला हा जुना घोळ त्याने मिटवला. उद्‌घाटनाच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा गोल याच पद्धतीने रद्द झाला. दोन दिवसांनी सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाने पूर्वार्धातच तीनदा चेंडू जाळ्यात घातला आणि तिन्ही वेळा ऑफसाइड निघाला. सामना सौदीने 2-1 असा जिंकला. बारा वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला ज्या संघाला ऑफसाइड गोलाचा फायदा मिळाला होता, तोच हा संघ.

मात्र ऑफसाइडवरच्या या पहाऱ्याची एक किंमत मैदानावर मोजावी लागते. सहायक पंचाने झेंडा लवकर वर केला आणि नंतर तो चुकीचा निघाला, तर थांबलेला खेळ व्हिडिओला परत आणता येत नाही. म्हणून चुरशीच्या प्रसंगी झेंडा उशिरा उचलायचा, चाल पूर्ण होऊ द्यायची, असं त्यांना सांगितलं गेलं. वर्षानुवर्षं दिसलं की झेंडा वर, असा सराव झालेल्या माणसाने आता दिसूनही हात खाली ठेवायचा. मे 2025 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ताइवो अवोनियी अशाच एका चालीत गोलखांबावर जोरात आदळला. चालीच्या सुरुवातीला त्याचा सहकारी ऑफसाइड होता, पण झेंडा वर गेलेला नव्हता. अवोनियीच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. नियम लिहिणाऱ्यांनी हा विचार कागदावर केला असेलही, पण प्रत्यक्षात तो एका माणसाच्या शरीरावर येऊन थांबला.

ऑफसाइड, गोलरेषा, फाउल पेनल्टी क्षेत्राच्या आत झाला की बाहेर, हे जागेचे प्रश्न आहेत. त्यांना एकच उत्तर असतं आणि कॅमेरा ते माणसापेक्षा चांगलं देतो. हँडबॉल आणि फाउल हे तसे प्रश्न नाहीत. तिथे धक्का किती जोराचा, हात नैसर्गिक स्थितीत होता का, धोका किती, हे तोलावं लागतं. आणि इथेच पडदा पंचाला एका नव्या पेचात टाकतो.

रीप्ले संथ गतीने दाखवला की पाहणाऱ्याचं मन बदलतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गोळीबाराचं आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या टकरींचं चित्रण दाखवलं. तेच दृश्य संथ गतीने पाहणाऱ्यांना कृती जास्त जाणूनबुजून केल्यासारखी वाटली. करणाऱ्याला विचार करायला जास्त वेळ होता, असा भास त्यांना होत होता. स्पिट्झ यांनी मग पाच युरोपीय देशांतल्या 88 वरिष्ठ पंचांवर असाच प्रयोग केला. फाउल झाला की नाही, हे ठरवण्यात संथ चित्राने फारसा फरक पडला नाही. पण शिक्षा किती द्यायची हे ठरवताना संथ चित्र पाहणारे पंच जास्त कठोर झाले, पिवळ्याच्या जागी लाल कार्डाकडे झुकले. व्हीएआरच्या कार्यपद्धतीतही स्पष्ट लिहिलेलं आहे: स्पर्श कुठे झाला हे बघायला संथ गती वापरा, पण जोर किती होता हे ठरवायला मूळ वेगातलंच चित्र पाहा. सूचना योग्य आहे. तरी एकदा संथ गतीने वाकलेला घोटा पाहिल्यावर तो डोळ्यांपुढून पुसून टाकणं कुणालाही सोपं जात नाही.

15 जुलै 2018 ला मॉस्कोत फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यातला अंतिम सामना 1-1 असा असताना कॉर्नरवरचा चेंडू इव्हान पेरिसिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना मॉनिटरपाशी गेले. पाहिलं. मैदानाकडे निघाले, आणि पुन्हा वळून मॉनिटरकडे आले. मग पेनल्टी दिली. ग्रीझमनने गोल केला, फ्रान्स पुढे 4-2 असं जिंकलं. पितानांचं ते परत वळणं मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतं. चेंडू हाताला लागला याबद्दल शंका नव्हती. शंका होती ती शिक्षा करावी का याबद्दल, आणि ती कितीही वेळा रीप्ले पाहून मिटणारी नव्हती.

युरो 2024 मध्ये हीच गोष्ट आणखी ठसठशीतपणे समोर आली. डॉर्टमुंडला जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनने उत्तरार्धाच्या सुरुवातीला गोल केला. सहकारी थॉमस डिलेनीच्या बुटाचं टोक ऑफसाइड निघालं, गोल रद्द. पाचच मिनिटांत दुसऱ्या टोकाला क्रॉस चेंडू अँडरसनच्या बोटांना निसटता लागला. टीव्हीवर चेंडूतल्या संवेदकाचा आलेख दाखवला गेला: सरळ रेषा, मग एक टोकदार उसळी. बॅटची कड लागली का हे दाखवणारा क्रिकेटमधला आलेख पाहिलेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटला असता. पंच मायकेल ऑलिव्हर मॉनिटरकडे गेले आणि पेनल्टी दिली. काय हाव्हर्ट्‌झने गोल केला, जर्मनी 2-0 असं जिंकलं. पहिला निर्णय निर्विवाद. ऑफसाइडला उंबरठा नसतो, असेल तर असेल. पण दुसऱ्या निर्णयात आलेखाने फक्त स्पर्श सिद्ध केला. एका मीटरभर अंतरावरून आलेल्या चेंडूपासून धावणाऱ्या माणसाने हात कुठे लपवायचा होता, हे आलेखात नव्हतं. क्रिकेटमध्ये कड लागली की विषय संपतो. फुटबॉलमध्ये तिथे तो सुरू होतो. दोन्हींना एकच यंत्र लावून आपण पुरावा आणि न्याय यांची गल्लत करतो, असं मला ठामपणे वाटतं.

मॉनिटरपर्यंतची ती धावही साधी नाही. पंचाला जेव्हा पडद्याकडे बोलावलं जातं, तेव्हा त्याला ठाऊक असतं की बोलावणाऱ्या सहकाऱ्याच्या मते आपण उघड चूक केली आहे. समोर लावलेलं चित्रही त्याच सहकाऱ्याने निवडलेलं, त्याचं म्हणणं सर्वांत स्पष्ट दिसेल त्या कोनातलं. पाठीमागे साठ हजार माणसं. अशा स्थितीत मूळ निर्णयावर ठाम राहणारे पंच थोडेच आढळतात. नियमाने शेवटचा शब्द त्यांचा असतो, पण तो उच्चारायच्या आधीच वाक्य बरंचसं पूर्ण झालेलं असतं.

आणि खोलीत बसलेलीही माणसंच. 30 सप्टेंबर 2023 ला लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियासने गोल केला. सहायक पंचाने ऑफसाइड दिला. व्हिडिओ पंचांनी रेषा आखून पाहिली. डियास ऑफसाइड नव्हता. पण घाईत त्यांचा असा समज झाला की मैदानावर गोल दिला गेला आहे. त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचं कळवलं. मैदानावरच्या पंचांनी त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड बरोबर. फ्री किकने खेळ सुरू झाला. चित्रं चालवणाऱ्या तंत्रज्ञाला काही सेकंदांत घोटाळा लक्षात आला, त्याने तो बोलूनही दाखवला. खोलीत एकच धांदल उडाली, पण खेळ एकदा पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही, हा नियम आडवा आला. लिव्हरपूलने सामना 1-2 असा गमावला, तोही भरपाई वेळेतल्या स्वयंगोलाने. तीन दिवसांनी पंच संघटनेने खोलीतलं संभाषण जाहीर केलं. यंत्राने उत्तर अचूक दिलं होतं. प्रश्न काय होता, एवढंच माणसं विसरली.

जर्मनीत एप्रिल 2018 मध्ये याच्या उलट टोक पाहायला मिळालं. माइन्झ आणि फ्रायबुर्ग यांच्यातल्या सामन्यात मध्यंतराची शिट्टी झाली, फ्रायबुर्गचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये गेले, आणि तेवढ्यात व्हिडिओ पंचांनी शेवटच्या क्षणातला हँडबॉल कळवला. पंचांनी संघाला आतून परत बोलावलं, पेनल्टी घेतली गेली, गोल झाला, मग सगळे पुन्हा आत गेले. नियमात ते बसतही होतं. पण खेळाचा पूर्वार्ध कधी संपला, एवढ्या साध्या गोष्टीचं उत्तरही व्हिडिओने डळमळीत करून टाकलं.

नियमांचंही तसंच. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने चेंडू मारला जाईपर्यंत रेषा सोडायची नाही, हा नियम जुनाच. पंच त्याकडे काणाडोळा करायचे, कारण अर्ध्या पावलाचा फरक डोळ्याला दिसत नाही. जून 2019 मध्ये पॅरिसला महिला विश्वचषकात स्कॉटलंडच्या ली अलेक्झांडरने अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी अडवली. व्हीएआरने सांगितलं की तिने रेषा आधी सोडली. पेनल्टी पुन्हा, गोल, 3-3, आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर. अशा चुकीला पिवळं कार्डही लिहिलेलं होतं. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक दोन पिवळ्या कार्डांनी बाहेर जाईल, हे लक्षात आल्यावर आयएफएबीने स्पर्धा चालू असतानाच शूटआउटपुरती ती तरतूद बाजूला ठेवली. हँडबॉलचा नियम 2019 मध्ये कडक झाला आणि 2021 मध्ये पुन्हा सैल करावा लागला. पूर्वी पंचाच्या समजुतीने नियमाला जी लवचीकता यायची, ती व्हिडिओने काढून घेतली. उरलेला काटेकोर सांगाडा खेळायला अवघड निघाला, म्हणून नियम पुन्हा लिहावे लागले.

या सगळ्यात मैदानात येऊन पाहणारा प्रेक्षक सर्वांत उपेक्षित राहिला. टीव्हीवरच्या माणसाला रीप्ले, रेषा, आलेख सगळं दिसतं. तिकीट काढून आलेल्याला मात्र कानावर बोट ठेवून उभा असलेला पंच तेवढा दिसतो. गोल झाल्यावर मनसोक्त ओरडायचं की थांबायचं, हा प्रश्न फुटबॉलच्या इतिहासात त्याला पूर्वी कधी पडलेला नव्हता. 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी ध्वनिक्षेपकावर निर्णय जाहीर केले, ही चांगली सुधारणा. स्वीडनमध्ये क्लबांची मालकी बहुतांशी सभासदांकडे असते. तिथल्या प्रेक्षकांनी क्लबांना भाग पाडलं आणि एप्रिल 2024 मध्ये महासंघाने व्हीएआर आणण्याचा विचार सोडून दिला. नॉर्वेत ट्रॉनहेमच्या प्रेक्षकांनी जुलै 2024 मध्ये मैदानात टेनिस बॉल आणि माशांचे वडे फेकून सामना बंद पाडला. मार्च 2025 मध्ये महासंघाच्या सभेत मतदान झालं आणि व्हीएआर 321 विरुद्ध 129 मतांनी टिकला. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्‌झ क्लबचा व्हीएआर बंद करण्याचा प्रस्ताव जून 2024 मध्ये 19 विरुद्ध 1 मताने फेटाळला गेला. कुरकुर सगळेच करतात, पण रीप्लेशिवायच्या दिवसांकडे परत जायची बहुतेकांची तयारी नाही.

ती का नाही, हे भारतीय प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. 11 जून 2024 ला दोह्यात विश्वचषक पात्रता सामन्यात भारत कतारविरुद्ध 1-0 असा पुढे होता. गोल मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या लालियनझुआला छांगटेचा. जिंकलो असतो तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच पोचला असता. 73 व्या मिनिटाला गुरप्रीत सिंग संधूने अडवलेला चेंडू अंतिम रेषेपलीकडे गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात टाकला. भारताचे खेळाडू खेळ थांबला असं समजून उभे होते. पंचांनी गोल दिला. रीप्ले जगाने पाहिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. भारत 1-2 असा हरला. चेंडू बाहेर गेला का, हा निव्वळ जागेचा प्रश्न होता. कॅमेऱ्याने काही सेकंदांत सोडवला असता असा.

आपल्या मैदानांना ही व्यवस्था अगदीच अनोळखी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईला झाला, तेव्हा त्या स्पर्धेत व्हीएआर चालला. पण तो फिफाने आणला होता, फिफाच्या खर्चाने. लीगच्या प्रत्येक सामन्याला डझनभर कॅमेरे, खास जोडणी, प्रशिक्षित व्हिडिओ पंचांची जोडी हे परवडणं निराळं. मार्च 2023 मध्ये बेंगळुरूला सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवर चिडून केरला ब्लास्टर्सने मैदान सोडलं, चार कोटींचा दंड भरायची पाळी आली, आणि इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) व्हीएआर हवा ही मागणी पुन्हा जोरात आली.

गरीब लीगांसाठी फिफाने 2024 पासून एक साधा प्रकार आजमावायला घेतला आहे. कोलंबियातल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात तो वापरला गेला. यात वेगळी खोली नाही, व्हिडिओ पंच नाही. मोजके कॅमेरे आणि मैदानाकडेला एक मॉनिटर. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते. म्हणणं खरं निघालं तर संधी शाबूत राहते. पंच स्वतः येऊन चित्र पाहतो, स्वतः ठरवतो. चूक शोधायचं काम इथे संघाच्या बाकाकडे जातं, आणि पंचाला तो चुकल्याचं आधीच कुणी कानात सांगितलेलं नसतं. दोह्यात संघाच्या बाकाजवळ असा एक मॉनिटर असता, तर भारताच्या प्रशिक्षकाने हात वर करायला क्षणाचाही विलंब लावला नसता.